बोट सतत नाक आपटत चालते: इंजिनाची जागा, वजनाची विभागणी आणि पुन्हा पुन्हा परतणारी उसळी

पाणी सपाट आहे, वारा नाही, बोट नुकतीच वेगाला लागली आहे, आणि तेवढ्यात तिचे नाक वर उचलले जाते, खाली आपटते, पुन्हा उचलले जाते. थ्रॉटल कमी करेपर्यंत ही उठबैस ठरावीक ठेक्यात चालूच राहते. पॉवरबोट बाळगणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार असून बोटवाल्यांच्या बोलण्यात तिला पॉर्पॉइझिंग म्हणतात. लाटांमुळे बसणारे धक्के वेगळे आणि ही उसळी वेगळी. लाट नसतानाही जी येते ती उसळी बोटीच्या स्वतःच्या तोलातून येते.

या तक्रारीवर बहुधा ठरलेल्या क्रमाने उपाय होतात. आधी प्रोपेलर बदलला जातो, मग इंजिनाच्या पायावर, म्हणजे त्याच्या पाण्यात जाणाऱ्या खालच्या भागावर, हायड्रोफॉइलची (पाण्यात उचल देणाऱ्या पंखाची) पट्टी बसते आणि शेवटी ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, ट्रिम टॅब (वर-खाली होणाऱ्या आडव्या पट्ट्या) येतात. प्रत्येक उपायानंतर काही फेऱ्या बऱ्या जातात आणि उसळी परत येते. ती परत येते, कारण हे तिन्ही उपाय बोटीच्या मागच्या बाजूचे उचलबळ वाढवतात किंवा त्याची दिशा बदलतात, तर दोष बहुतेक वेळा वजनाच्या जागेत असतो, आणि ही जागा इंधन, माणसे व सामान यांच्याबरोबर रोज सरकत असते. म्हणून पैसा खर्च करण्याआधी वजन कुठे आहे हे शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील विवेचन प्रामुख्याने ५ ते ८ मीटर लांबीच्या, पाण्यावर घसरत चालणाऱ्या आणि आउटबोर्ड (ट्रान्समच्या बाहेर टांगलेल्या) इंजिनाच्या बोटींना लागू आहे. इतर रचनांबद्दल शेवटी लिहिले आहे.

उसळी नेमकी का येते

थांबलेली किंवा संथ चालणारी बोट आपण बाजूला सारलेल्या पाण्याच्या आधारावर तरंगते. वेग वाढला की तळावर तिरकस आदळणारे पाणी तिला वर ढकलू लागते आणि पुरेशा वेगाला बोटीचा बराचसा भार हे उचलबळच पेलते. या अवस्थेत पाण्याला टेकलेला तळ फार थोडा असतो, ट्रान्समपासून पुढे जेमतेम अर्ध्या लांबीपर्यंत.

घसरणाऱ्या बोटीचे गणित डॅनियल सावित्स्की यांनी १९६४ साली मांडले आणि छोट्या बोटींच्या आखणीत ते आजही वापरले जाते. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. भरपूर वेगाला उचलबळाचा मध्य ट्रान्समपासून पुढे, टेकलेल्या लांबीच्या साधारण तीन-चतुर्थांश अंतरावर येतो. बोट स्थिर चालायची असेल तर हा मध्य गुरुत्वमध्याच्या जवळपास खाली असावा लागतो. म्हणजे तळ किती टेकणार हे वजनाची जागाच ठरवते. गुरुत्वमध्य ट्रान्समपासून २.२ मीटर पुढे असेल तर टेकलेली लांबी ढोबळमानाने २.९ मीटर येते. तो १.९ मीटरवर गेला तर ती २.५ मीटरच्या आसपास उतरते. तेवढेच वजन कमी तळावर पेलायचे म्हणजे पाण्याशी असलेला कोन वाढवावा लागतो, आणि हा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की तोल टिकत नाही. नाक किंचित उचलले की टेकलेला तळ आणखी कमी होतो, उचलबळ घटते, नाक पडते, एकदम जास्त तळ पाण्याला लागतो, उचलबळ उसळून वाढते आणि नाक पुन्हा वर फेकले जाते. एकदा सुरू झालेला हा झोका स्वतःला पोसत राहतो.

ही मर्यादा वेगावर, वजनावर आणि तळाच्या व्ही-कोनावर (कण्यापासून दोन्ही बाजूंना तळ किती वर चढतो यावर) अवलंबून असते. इतर गोष्टी सारख्या असतील तर सपाट तळाची बोट लहान कोनातच उसळू लागते आणि खोल व्ही-तळाची बोट थोडा जास्त कोन सहन करते. त्यामुळे एका बोटीला लागू पडलेला उपाय दुसरीला लागू पडेलच असे नाही.

मागे वजन जास्त असलेली बोट उलाळ झालेल्या बैलगाडीसारखी वागते. फरक एवढाच की गाडीचा आस जागचा हलत नाही आणि बोटीचा मात्र वेगाबरोबर मागेपुढे सरकतो.

वजन किती सरकले, हे आकड्यांत पाहावे

गुरुत्वमध्य किती सरकला हे काढणे सोपे आहे. हलवलेले वजन गुणिले हलवलेले अंतर, भागिले बोटीचे एकूण वजन. उदाहरणासाठी इंजिन, इंधन आणि माणसांसह १६०० किलोची, साधारण ६ मीटर लांबीची बोट घेऊ, जिचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून २.२ मीटर पुढे आहे.

जुने टू-स्ट्रोक इंजिन काढून तेवढ्याच अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक बसवले आणि ते ४० किलोंनी जड निघाले, असे समजा. आउटबोर्डचे वजन ट्रान्समच्याही मागे लटकत असते, त्यामुळे गुरुत्वमध्यापासून ते सुमारे २.५ मीटर मागे धरावे लागते. हिशेब केला तर गुरुत्वमध्य ६ सेंमी मागे जातो. इंजिन ट्रान्समवरून काढून ७० सेंमी मागे ब्रॅकेटवर (ट्रान्समच्या मागे बसवलेल्या चौकटीवर) नेले आणि इंजिन २२० किलोचे असेल, तर गुरुत्वमध्य जवळजवळ १० सेंमी मागे जातो. आता इंधन. पेट्रोलचे वजन लिटरमागे साधारण ७४० ग्रॅम असते. टाकी गुरुत्वमध्याच्या १ मीटर पुढे असेल आणि दिवसभरात १५० लिटर जळाले, तर १११ किलो पुढून नाहीसे होतात आणि गुरुत्वमध्य साडेसात सेंमी मागे येतो. सकाळी सुरळीत चालणारी बोट दुपारी परतताना उसळू लागते, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. टाकी मागे असलेल्या बोटीत उलटे घडते. ती पूर्ण टाकीवर उसळते आणि टाकी उतरत गेली की शांत होते.

माणसांचा हिशेब मात्र या सर्वांवर मात करतो. मागच्या बाकावरची ७५ किलोंची दोन माणसे दीड मीटर पुढे आणून बसवली की गुरुत्वमध्य १४ सेंमी पुढे येतो. इंजिन बदलल्याने झालेला बिघाड यातून पुरता भरून निघतो आणि वर काही उरतेही. म्हणूनच पहिली चाचणी माणसांनी करायची.

पहिली चाचणी: काहीही न खोलता

शांत पाणी आणि मोकळी जागा निवडावी. किल-स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली असावी, सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट असावे आणि बोट वेगात असताना कोणीही जागा बदलू नये. प्रत्येक बदलासाठी वेग पूर्ण उतरवावा, माणसे हलवावीत आणि मग पुन्हा वेग घ्यावा. उसळणाऱ्या बोटीत अगदी पुढच्या टोकाला कोणालाही बसवू नये, कारण तिथे बसणारे धक्के मणक्याला आणि दातांना इजा करण्याइतके तीव्र असू शकतात.

इंजिन पूर्ण आत ट्रिम करून, म्हणजे त्याचा पाय ट्रान्समकडे ओढून घेऊन, वेग घ्यावा. बोट घसरू लागली की एका ठरावीक आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटागणिक फेऱ्यांवर) थ्रॉटल स्थिर ठेवून थोडे थोडे बाहेर ट्रिम करत जावे आणि उसळी कोणत्या ट्रिमला सुरू होते याची नोंद करावी. तेच आरपीएम कायम ठेवून मागची दोन माणसे पुढे बसवून पुन्हा पाहावे. निरोगी बोटही फार बाहेर ट्रिम केल्यावर उसळते, यात दोष काही नाही. आत ट्रिम करा, एवढाच त्याचा उपाय. पण इंजिन पूर्ण आत असतानाही उसळी येत असेल आणि माणसे पुढे नेताच ती थांबत असेल, तर दोष वजनाच्या विभागणीत आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. माणसे पुढे नेऊनही फरक पडत नसेल तर तळ आणि इंजिनाची बसवणी यांच्याकडे वळावे.

ही चाचणी टाकी पूर्ण भरलेली असताना एकदा आणि पाव टाकीवर एकदा केली पाहिजे. फक्त भरलेल्या टाकीवर तपासून बोट ठीक झाल्याचे जाहीर करणे हे या तक्रारीच्या पुनरागमनाचे सर्वांत मोठे कारण आहे.

वजनाची दुरुस्ती

आधी बोटीतले सगळे सुटे सामान बाहेर काढावे. मागच्या पेटाऱ्यांतून काय काय निघते हे पाहण्यासारखे असते: जादा बॅटरी, भिजलेले दोर, अर्धवट भरलेले तेलाचे डबे, कोणे काळी ठेवलेला सुटा नांगर. त्यानंतर कायमच्या जड वस्तूंचा विचार करावा. बॅटऱ्या ट्रान्समजवळून चालकाच्या कन्सोलखाली नेणे हा मला सर्वांत किफायतशीर बदल वाटतो. दोन बॅटऱ्या मिळून ५० किलो आणि सरकलेले अंतर २ मीटर धरले तर गुरुत्वमध्य ६ सेंमी पुढे येतो, म्हणजे वरच्या उदाहरणातील जड इंजिनाची भरपाई पूर्ण होते. लांब अंतरामुळे केबल मात्र जाड घ्यावी लागते, नाहीतर स्टार्टरपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज किंवा ब्रेकर द्यावा.

नाकात वाळूची पोती किंवा पाण्याच्या पिशव्या ठेवण्याचा उपाय निदानासाठी उत्तम आणि कायमस्वरूपी वाईट आहे. त्याने गुरुत्वमध्य पुढे येतो हे खरे, पण बोटीच्या दोन्ही टोकांना वजन साचले की ती लाटेवर डोके उचलायला आणि खाली ठेवायला उशीर लावते, आणि उशिरा खाली येणारे नाक पुढच्या लाटेत घुसते. वजन मागून मध्याकडे आणणे आणि पुढे नवे वजन घालणे यांतून गुरुत्वमध्य एकाच जागी आणता येतो, परंतु लाटांतली चाल दोन्हींत सारखी राहत नाही.

एका छुप्या वजनाचा संशय जुन्या बोटींत नेहमी घ्यावा. फरशीखालचा फोम पाणी शोषतो आणि ते पाणी बिल्ज पंपाने (बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाने) निघत नाही. बोट ट्रेलरसह वजनकाट्यावर चढवावी, मोकळ्या ट्रेलरचे वजन वजा करावे आणि उत्पादकाने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावे. इंजिन, इंधन आणि सामान धरूनही शे-दोनशे किलोंचा हिशेब लागत नसेल, तर फरशीला मागच्या बाजूला भोक पाडून फोम पाहणे भाग आहे. काट्यावर असतानाच गुरुत्वमध्यही काढता येतो. ट्रेलरची हिच, म्हणजे गाडीला जोडायचे पुढचे टोक, वेगळी तोलावी. हिचवर १५० किलो भार, एकूण वजन २००० किलो आणि आसापासून हिचपर्यंत ५ मीटर अंतर असेल, तर बोट व ट्रेलर यांचा एकत्रित गुरुत्वमध्य आसाच्या साडेसदतीस सेंमी पुढे असतो. मोकळ्या ट्रेलरचे असेच माप घेऊन ते वजा केले की बोटीचा स्वतःचा आकडा हाती येतो.

इंजिनाची उंची, अंतर आणि कोन

आउटबोर्डच्या पायावर प्रोपेलरच्या वर एक आडवी पत्ती असते. तिचे काम प्रोपेलरपर्यंत हवा खेचली जाऊ न देणे हे आहे. इंजिन सरळ उभे ठेवून, तळाला लांब सरळ पट्टी लावून ती मागे या पत्तीपर्यंत न्यावी. पत्ती तळाच्या पातळीत किंवा तिच्यापेक्षा अडीच सेंमीपर्यंत वर असणे ही सुरुवातीची योग्य बसवणी आहे. इंजिन फार खाली असेल तर पाय पाण्यात जास्त बुडतो, पाण्याचा अडथळा वाढतो, फवारा ट्रान्समवर चढतो आणि ढकलणारे बळ गुरुत्वमध्याच्या आणखी खालून लागत असल्यामुळे नाक वर उचलण्याची प्रवृत्ती वाढते. फार वर असेल तर वळणावर प्रोपेलरला हवा लागते. आरपीएम एकदम चढतात, पण बोट पुढे जात नाही. ट्रान्समची उंची आणि इंजिनाची लांबी यांचा मेळ मुळातच चुकला असण्याची शक्यताही पाहावी. १५, २० आणि २५ इंच या प्रचलित मापांपैकी एकाच्या ट्रान्समवर दुसऱ्या मापाचे इंजिन बसवलेले आढळते, आणि मग कितीही ट्रिम केली तरी समाधान होत नाही.

ब्रॅकेट किंवा जॅकप्लेटने (इंजिन मागे व वर-खाली सरकवणाऱ्या पट्टीने) इंजिन मागे नेल्यास प्रोपेलरला तळामागून वर येणारे, कमी खळबळलेले पाणी मिळते. त्यामुळे दर २० ते २५ सेंमी मागे गेल्यावर इंजिन साधारण अडीच सेंमी वर घेता येते. ट्रिमची पकडही वाढते, कारण तरफ लांब होते. या फायद्यांची किंमत वर सांगितलेल्या १० सेंमींनी मोजावी लागते. ब्रॅकेटला हवाबंद पोकळी असेल तर थांबलेली बोट मागे बसत नाही आणि मालक निश्चिंत होतो, परंतु ती पोकळी तळाच्या पातळीपेक्षा वर असल्याने घसरणाऱ्या बोटीला तिचा काडीचाही आधार नसतो. उभ्या बोटीची पाणरेषा सरळ दिसते म्हणून वेगातला तोलही सरळ आहे, असे मानू नये.

इंजिन पूर्ण आत घेऊनही नाक पुरेसे खाली येत नसेल तर ट्रान्समचा कल कमी पडत असतो. ट्रान्सम आणि इंजिनाचा क्लॅम्प यांच्यामध्ये काही अंशांची पाचर बसवली की आत ट्रिम करण्यास जास्त वाव मिळतो. हा साधा उपाय अनाकलनीयरीत्या दुर्लक्षित राहिला आहे. इंजिन हाताने वर-खाली आणि डावी-उजवीकडे जोरात हलवूनही पाहावे. ट्रिम सिलिंडरच्या किंवा क्लॅम्पच्या बुशमध्ये झीज असेल तर प्रत्येक उसळीबरोबर ढकलबळाची दिशा बदलते आणि किरकोळ झोक्याचे मोठ्या उसळीत रूपांतर होते.

तळ तपासणे

ट्रान्समच्या पुढे दीड-दोन मीटरपर्यंत तळाची लांबीची रेषा सरळ असली पाहिजे. अॅल्युमिनियमची सरळ पट्टी कण्याच्या दोन्ही बाजूंना, कण्याशी समांतर धरावी आणि मागून टॉर्चचा प्रकाश टाकावा. पट्टी मध्ये टेकून ट्रान्समपाशी फट दिसत असेल तर तळ फुगलेला आहे, आणि असा तळ मागचा भाग खाली ओढून उसळी निर्माण करतो. पट्टी दोन्ही टोकांना टेकून मध्ये फट असेल तर तळ आत दबलेला आहे. त्यामुळे नाक खाली राहते, उसळी दबते, पण वेग घटतो आणि बोट नाकावर वळू पाहते. फट थोड्याच मिलिमीटरची असली तरी वेगात तिचा परिणाम जाणवतो. ट्रेलरचे आधार ट्रान्समपर्यंत पोहोचत नसतील तर इंजिनाचे लटकते वजन महिनोन्महिने तळ वाकवत राहते. असा आधार आधी दुरुस्त केल्याशिवाय तळ सरळ करण्यात अर्थ नाही.

ट्रिम टॅब आणि प्रोपेलर

हे सर्व झाल्यावर जी थोडी उसळी उरते तिच्यासाठी ट्रिम टॅब योग्य आहेत, आणि इंधन व माणसांच्या रोजच्या बदलासाठी तर ते हवेतच. मात्र मागून येणाऱ्या लाटांत टॅब वर घ्यावेत, कारण दाबलेले नाक लाटेच्या तळाशी रुतले की बोटीचा मागचा भाग बाजूला फिरतो आणि बोट आडवी होते. नाक उचलणाऱ्या प्रोपेलरऐवजी मागची बाजू उचलणारा, बहुधा चार पात्यांचा प्रोपेलर लावल्याने उसळी सुरू होण्याची मर्यादा थोडी पुढे ढकलली जाते.

उलट टोकाच्या तक्रारी

वजन पुढे नेण्याच्या भरात काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. सुकाणू जड आणि चंचल होणे, सरळ रेषेत बोट न राहणे, नाकाजवळून फवारा उडणे आणि पूर्ण थ्रॉटलला अपेक्षित वेग न मिळणे ही जास्त पुढे गेलेल्या गुरुत्वमध्याची लक्षणे आहेत. लाटांवर आदळण्याची तक्रार मात्र अनेकजण नाक जड असल्याचे लक्षण समजतात, तेव्हा वस्तुस्थिती बहुधा उलटी असते. मागे जड असलेली बोट नाक वर धरून चालते, त्यामुळे पुढच्या धारदार तळाऐवजी मागचा सपाट तळ लाटेवर पडतो.

बोट एका बाजूला कलत असेल तर आधी बसण्याची जागा, बॅटरी आणि टाक्या पाहाव्यात. एकच इंजिन असलेल्या बोटीत प्रोपेलरच्या फिरण्याचीही प्रतिक्रिया असते. मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर बोटीला डावीकडे कलवू पाहतो. खोल व्ही-तळाच्या बोटी अशा आडव्या असमतोलाला अधिक हळव्या असतात.

इंजिन आत असलेल्या बोटी

मध्यभागी इंजिन आणि कलता शाफ्ट अशी रचना असलेल्या इनबोर्ड बोटीत वजन मुळातच चांगल्या जागी असते आणि शाफ्टच्या कलामुळे ढकलबळाचा थोडा भाग मागची बाजू वर उचलतो. म्हणून या बोटी क्वचितच उसळतात. उसळल्याच तर ट्रिम बदलण्याची सोय त्यांना नसल्याने टॅब किंवा तळाच्या ट्रान्समकडच्या कडेखाली बसवलेली पाचर एवढेच मार्ग उरतात. स्टर्नड्राइव्ह (आत इंजिन, ट्रान्समबाहेर पाय) आणि व्ही-ड्राइव्ह (मागच्या इंजिनाचा शाफ्ट आधी पुढे जाऊन पुन्हा मागे वळतो) या दोन्हींत इंजिन मागे असते. स्टर्नड्राइव्हचा पाय आउटबोर्डप्रमाणे ट्रिम होतो, त्यामुळे तपासणीचा क्रम तोच ठेवावा. व्ही-ड्राइव्हच्या बोटींत मोठी लाट उठवण्यासाठी मागे पाण्याच्या टाक्या भरतात, त्या रिकाम्या न करताच वेग घेतला जातो आणि मग बोटीला नावे ठेवली जातात. अशी बोट तपासायला आली की आधी त्या टाक्यांचे पंप चालू करून पाणी काढावे, आणि झडपा बंद असूनही टाक्या पुन्हा भरत नाहीत ना, हे दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे.